उम्म बसंतची नजर

नेर्मिनच्या मुलीचा चेहरा इनासने अजून एकदाही पाहिला नव्हता. पोर आठ महिन्यांची झाली. तिचे पाय पाहून झाले, मुठी पाहून झाल्या, पाठमोरं टाळकंसुद्धा पाहून झालं, पण दर फोटोत चेहऱ्यावर तो मेला लाल बदाम चिकटवलेला. नजर लागू नये म्हणून. आता पोरांच्या फोटोवर सगळ्या अलेक्झांड्रियात बदाम चिकटवतात, त्यात नेर्मिनने काही नवं केलं नव्हतं. पण इनासला वाटायचं, हा बदाम बाईने खास आपल्यासाठी डकवलाय.

नेर्मिन म्हणजे वाएलची बायको. आणि वाएल म्हणजे ज्याच्याशी इनासचा साखरपुडा झाला होता, चार वर्षं राहिला होता, आणि एका दुपारी चाळीस सेकंदांच्या आवाजी निरोपात मोडला होता. "नशिबात नव्हतं, इनास. अल्ला तुला माझ्यापेक्षा चांगला देवो." चाळीस सेकंदांतले बारा तर त्याने खाकरण्यात घालवले होते. इनासला हे पक्कं ठाऊक होतं, कारण तो निरोप तिने जपून ठेवला होता आणि अधूनमधून ऐकायचीही. माणूस दुखरा दात जिभेने चाचपत बसतो ना, तसं.

वाएलचं लग्न झालं त्या आठवड्यात इनासने एक खोटं खातं उघडलं. नाव ठेवलं 'उम्म बसंत', म्हणजे बसंतची आई. दमनहूरची एक आजी, जिला बसंत नावाची मुलगी आहे, गुडघे दुखतात आणि स्वयंपाकाची हौस आहे. फोटोच्या जागी द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या भरलेलं पातेलं. नेर्मिनला केक-मिठाईचे फोटो टाकायचा नाद, तिने लगेच ओळख मान्य केली. वर एकदा विचारलंनसुद्धा, "मावशी, माझा बसबूसा वरून का भेगाळतो हो?" इनासने खरं ते सांगितलं. रवा तुपात फार मळू नकोस, आणि पाक थंड ठेव, बसबूसा गरम. दुसऱ्या दिवशी ताटलीचा फोटो आला. एक तुकडा उचललेला, खाली लिहिलेलं, 'वाएलला फार आवडला'. त्या दिवशी दुकानात इनासच्या हातून तीन गिऱ्हाइकांना चुकीचं औषध जायचं राहिलं, एवढंच.

दुकान औषधांचं. मुहर्रम बेमध्ये, ट्रामच्या रुळांपासून दोन गल्ल्या आत. सगळी आळी तिला 'डॉक्टरा' म्हणायची. पोराला ताप आला की आया आधी तिच्याकडे यायच्या, मग खऱ्या डॉक्टरकडे. हात हलका, निदान नेमकं, बोलणं थोडं तिखट. असं सगळं चांगलं असलेली बाई दिवसातून वीसदा गल्ल्याखाली फोन धरून दुसऱ्याच्या घरात डोकावत होती. दोन वर्षं. काय मिळत होतं? काही नाही. पण त्यांच्या घरात नवा पडदा लागला तर तो आपल्याला आधी कळला पाहिजे, असं तिला वाटायचं.

आणि पोरीचं नाव. ते पाहिलं त्या दिवशी तर तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सदफ. शिंपला. हे नाव इनासने शोधलेलं. स्टॅनलीच्या पुलाखाली भाजलेलं कणीस खाताना ती म्हणाली होती, "मुलगी झाली तर सदफ." वाएल हसून म्हणाला होता, "आणि मुलगा झाला तर काय, खेकडा?" त्या वेळी टिंगल केली, आणि आता तेच नाव उचलून दुसरीच्या पोटच्या पोरीला लावून मोकळा झाला. चोर मेला! तो फोटो पाहून इनासने उम्म बसंतच्या नावाने एक बदाम टाकला, पण 'माशाल्लाह' काही लिहिलं नाही. कधीच लिहिलं नव्हतं. लोकांनी खाली ओळीने माशाल्लाह, माशाल्लाह लिहावं, आणि उम्म बसंतचा नुसता मुका बदाम. दुसऱ्याचं चांगलं पाहून तो एक शब्द म्हणायचा असतो, म्हणजे आपली नजर लागत नाही, हे काय तिला कळत नव्हतं? बोटं वळायची नाहीत.

हे सगळं उघडकीला आणलं तिच्या थोरल्या बहिणीने, नजवाने. आईच्या गुडघ्याचा फोटो पाठवायला तिने इनासचा फोन घेतला, आणि समोर उम्म बसंत.

"ही कोण बया?" नजवाने विचारलं. मग दोन मिनिटं खाली-वर पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसली. "इनास! अगं, शरम आहे का काही? त्याच्या बायकोला बसबूसा शिकवतेस?"

"तिनेच विचारलं."

"तिने विचारलं म्हणून! आणि शुक्रीचं काय? शुक्रवारी त्याची माणसं फातिहा वाचायला यायचीत. बोलणी पक्की व्हायचीत. आईने आत्तापासून शरबताचे पेले पुसायला काढलेत, आणि तू इथे काय उकिरडा उकरत बसलीस?"

शुक्री म्हणजे शुक्री उस्ताद. वय बेचाळीस, तांत्रिक शाळेत वीजकाम शिकवणारा, कानाने मोठा, बोलण्याने थोडका. पहिल्यांदा दुकानात आला तो पाटीवरची दिव्याची नळी फडफडताना पाहून स्टुलावर चढला आणि कुणी न सांगता दुरुस्त करून उतरला. दोन पायांत दोन वेगळे मोजे होते. इनासला हसू आवरेना, आणि तोही हसला. बैठकीच्या खोलीत, आई मुद्दाम चहा आणायला आत गेली तेव्हा, तो म्हणाला होता, "माझंही एकदा जमून मोडलंय. तिला मी फोनवर, सगळीकडे बंद करून टाकलं. रागाने नाही हो, तिलाही सुखाने जगता यावं म्हणून. तुमच्या मागे काय होतं ते मी विचारणार नाही. फक्त ते मागे असू दे, एवढंच." किती वर्षांनी इनासला एखाद्या माणसाशेजारी बसून गप्प राहावंसं वाटलं होतं. तिला तो हवा होता. हे तिने नजवालाही सांगितलं नव्हतं, पण नजवाला डोळे होते.

"ऐक," नजवा म्हणाली, "शुक्रीची बहीण जिहान आणि ही तुझी नेर्मिन एकाच बालवाडीत शिकवतात. एक शब्द फुटला ना, तर शुक्रवारी पेले पुसलेले तसेच राहतील. पुसून टाक हे खातं. आत्ता."

"टाकते."

"बाबांची शपथ घे."

इनासने शपथ घेतली. तरी नजवाला खात्री नव्हती, बहीण कुणाची! म्हणाली, "गुरुवारी चारला दुकानात येते. माझ्या डोळ्यांदेखत पुसायचं."

गुरुवार उजाडला. दुपारची जुहरची नमाज झाली, आळी जेवून सुस्तावली. दुकानात माशी नव्हती. तीन वाजून वीस मिनिटं. इनासने फोन काढला. तिच्या मनात खरोखर तेच होतं, म्हणजे पुसायचंच. फक्त एकदा शेवटचं पाहून. घर सोडताना माणूस खोल्या फिरून बघतो की नाही?

नेर्मिनने सकाळी लिहिलं होतं, 'सदफला तीन दिवस ताप आहे. दुआ करा.' आणि आता तिथे थेट प्रक्षेपण चालू होतं. इनासने दाबलं.

समोर ती बैठकीची खोली. तोच सोनेरी पायांचा कोच, ज्यावर इनास चार वर्षं शुक्रवारच्या शुक्रवारी बसली होती. कोचावर हाज्जा रजाअ, वाएलची आई, मांडीत कात्री आणि वहीचा कागद. नेर्मिन फोन कपाटाला टेकवून बाजूला बसली होती, पोर खांद्यावर. चौतीस जणी पाहत होत्या. नेर्मिन सांगत होती, "मैत्रिणींनो, आई सदफची नजर काढताहेत. सगळ्या मनातून दुआ करा हं."

हाज्जाने कागदाची बाहुली कातरली. डोकं, दोन हात, झगा. इनासला ते हात ओळखीचे होते. साखरपुड्याच्या दिवशी इनासला भर मांडवात भोवळ आली होती, तेव्हा याच हातांनी तिच्यासाठी अशीच बाहुली कातरली होती. सुई घेऊन एकेकीचं नाव घ्यायचं आणि टोचायचं, हिच्या नजरेतून, तिच्या नजरेतून, मग बाहुली धुपात मिठाबरोबर जाळायची. त्या दिवशी हाज्जाने पहिलं नाव घेतलं होतं, जिच्याशी वाएलची आधी बोलणी चालली होती तिचं. आणि इनासच्या कानात म्हणाली होती, "लक्षात ठेव पोरी, मागे राहिलेलीची नजर सगळ्यांत जहरी. तिला पहिली टोचायची." इनास तेव्हा खुदकन हसली होती.

म्हणजे आज पहिली ती.

तिने फोन गल्ल्यावर ठेवला आणि दोन्ही हात कडेला धरले. भीती होती म्हणावं तर भीती नव्हती. तिला ते ऐकायचं होतं! दोन वर्षांनी त्या घरात आपलं नाव निघणार होतं. शिवी म्हणून का होईना.

"वरच्या मजल्यावरच्या उम्म रामीच्या नजरेतून," हाज्जाने सुई खुपसली. "मासळीवाल्या सय्यदाच्या नजरेतून. तुझ्या चुलतबहिणीच्या, त्या घाऱ्या डोळ्यांच्या, तिच्या नजरेतून. जिन्यात पोरीचे पाय चाटल्यासारखे बघते त्या इस्त्रीवालीच्या नजरेतून…"

पंधरा नावं झाली. वीस झाली. मांजर पाळणाऱ्या शेजारणीचंसुद्धा झालं. इनासचं नाव आलं नाही.

तेवढ्यात पोर किंचाळून रडली. नेर्मिनने तिला खांद्यावरून मांडीवर घेतलं आणि पहिल्यांदाच, बदाम न लावलेला, सदफचा चेहरा पडद्यावर आला. लालबुंद, घामेजलेला. वाएलची हनुवटी. आणि पोर उजवा कान ओढत होती. परत परत मूठ कानाशी नेत होती, मान त्याच बाजूला घासत होती, आडवं धरलं की जास्त किंचाळत होती. इनास क्षणात सगळं विसरली. तिच्यातली डॉक्टरा जागी झाली. कान! नजर कसली डोंबलाची, कान पिकलाय पोरीचा. तीन दिवसांचा ताप, आत पू धरलाय. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्यायला हवं. ती उम्म बसंतच्या नावाने भराभर लिहायला लागली. 'पोरी, कान बघ तिचा, उजवा कान, बाहुली सोड आणि आधी डॉक्टर…'

"आई," पलीकडून नेर्मिन म्हणाली, "आणि वाएलची ती आधीची? तिचं नाव घेतलंच नाही तुम्ही."

इनासचं बोट थांबलं.

"कोण गं?" हाज्जाने सुई हवेत धरली. "ती होय? औषधवाली? जाऊ दे गं बिचारीला. तिची कसली आलीय नजर. नावसुद्धा धड आठवत नाही मला." मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "वाएल! अरे, तुझी ती पहिली, काय नाव होतं रे तिचं?"

आतून आवाज आला. खाकरून. "कोण? आता कुठलं आठवायला, आई. सोडा ना."

"बघ," हाज्जा म्हणाली. "त्याला आठवत नाही, तर मला काय? तिच्यापेक्षा ती दमनहूरची उम्म बसंत बघ. दर फोटोला आपला बदाम टाकते आणि एकदा माशाल्लाह निघेल तर शपथ. मी तुला सांगते, हीच ती. उम्म बसंतच्या नजरेतून!" आणि सुई कचकन खुपसली.

इनास गल्ल्यापाशी उभी होती. खोटं बोलत होता तो. आठवत होतं त्याला, चांगलं आठवत होतं, दिवसातून दहादा पोरीला हाक मारत होता ना तिनेच दिलेल्या नावाने! आणि ती थेरडी, जिने 'पोरी पोरी' करत इनासच्या हातचा चहा चार वर्षं ढोसला, तिला नाव आठवत नाही. बिचारी म्हणते. शिव्या दिल्या असत्या तर इनासने सोसल्या असत्या, टोचलं असतं तर आनंदाने टोचून घेतलं असतं. पण बिचारी? आणि टोचून घ्यायचा मान कुणाला, तर जी जन्माला आलीच नाही त्या उम्म बसंतला.

पाहणाऱ्यांच्या नावांत वरूनच तिसरं नाव होतं जिहान. शुक्रीची बहीण. इनासने ते वाचलं. पुन्हा वाचलं. शुक्रवार आठवला, पेले आठवले, दोन वेगळे मोजे आठवले. कानाबद्दलची अर्धी ओळ तशीच चौकटीत होती. फक्त पाठवायची होती.

तिने ती ओळ पुसली आणि लिहिलं, 'माझं नाव इनास. मीच उम्म बसंत. सदफ हे नावही मीच शोधलं होतं, वाएलला विचारा.'

आणि पाठवलं.

नेर्मिन प्रतिक्रिया मोठ्याने वाचत होती, सवयीने तीही वाचली. वाचता वाचता आवाज बारीक होत गेला. खोलीत पोरीचं रडणं तेवढं राहिलं. मग हाज्जाने चष्मा वर ढकलला, सरळ फोनमध्ये पाहिलं, जणू इनास समोरच्या खुर्चीत बसली आहे.

"इनास!" ती म्हणाली. "हां, इनासच. अगं सटवे, तू होय?" आणि बाहुलीच्या बरोबर डोळ्यात सुई घातली. "इनासच्या नजरेतून. इनासच्या नजरेतून. इनासच्या नजरेतून!"

तीनदा. मग वाएलचा हात आडवा आला आणि पडदा काळा झाला.

लाज वाटली, पण ती नंतर. आधी जे वाटलं ते सुख होतं, आणि ते इनासने स्वतःपाशीही नाकारलं नाही. तीनदा नाव घेतलं होतं. आठवलं की नाही म्हातारीला? कानाची ओळ पुन्हा लिहायला तिने चौकट उघडली, तेव्हा त्या घराचं दार उम्म बसंतला बंद झालेलं होतं. वाएलचा नंबर तिला अजून पाठ होता. तिने तो लावला नाही. त्याला आपला आवाज ऐकवायचा म्हणजे फारच, असं काहीसं तिने स्वतःला सांगितलं. कारण पोकळ होतं, तिला माहीत होतं.

चारला नजवा आली. उंबऱ्यातच उभी राहिली. हातात फोन, त्यावर जिहानचा फोन येऊन गेलेला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पुसलंस?" तिने विचारलं.

"आता काय पुसायचं राहिलंय," इनास म्हणाली.

शुक्रवारी सकाळी शुक्रीचा फोन आला. इतक्या दिवसांत तो तिला नावाने हाक मारायला शिकला होता, तेही लाजत लाजत. आज म्हणाला, "डॉक्टरा."

इनासला तिथेच कळलं.

"मी रागावलेलो नाही," तो म्हणाला. "मागचं मागे असू दे, एवढंच म्हटलं होतं. नसेल जमत माणसाला. त्याचं काही नाही. पण एक विचारू?"

"विचारा."

"त्या पोरीचा कान काल फुटला. पडदा फाटून पू आला, सगळी उशी भिजली. मग ताप उतरला. जिहान सांगत होती, तिथेच, सगळ्यांसमोर पोर सारखा कान ओढत होती. जिहान काय, शाळामास्तरीण, तिला काय समजणार. पण तुम्हाला… तुम्हाला दिसलं नव्हतं का?"

आईने आतून विचारलं, "कोण गं? शुक्रीचा का? विचार त्यांना, किती जण येताहेत?"

खोटं बोलता आलं असतं. दोन वर्षं बोलतच होती. पण त्याच्याशी तिला खोटं बोलवेना.

"दिसलं होतं," इनास म्हणाली.

तो मग म्हणाला, "बरं. सलाम सांगा आईंना." आणि फोन ठेवला.

शरबताचे पेले नजवाने एकेक करून कपाटात ठेवले. आईने दोन दिवस तोंड फिरवलं, मग गुडघ्यांना मलम लावायला इनासलाच हाक मारली. आळीत बातमी पोचायला आठवडा लागला. तान्ह्या पोरांच्या आया आता औषध घ्यायला यायच्या, पण पोराला बाहेर शेजारणीच्या कडेवर ठेवून यायच्या, आणि आणलंच तर टोपी नाकापर्यंत ओढून. इनास चिठ्ठी वाचायची, बाटली द्यायची.

दहा दिवस तिने फोनला हात लावला नाही, म्हणजे त्या कामासाठी. अकराव्या दिवशी, दुपारी, दुकानात माशी नसताना, तिने नवं खातं उघडलं. 'उम्म यासीन', रशीद गावची, गुलाबाच्या ताटव्याचा फोटो. फक्त कान बरा झाला का एवढं पाहायला. नेर्मिनने संध्याकाळच्या आत ओळख मान्य केली.

पहिलाच फोटो सदफचा होता. चेहऱ्यावर तोच लाल बदाम, पण या वेळी जरा बाजूला सरकलेला, आणि उजव्या कानात कापसाचा बोळा दिसत होता. खाली नेर्मिनने लिहिलं होतं, 'जिची नजर होती तिचं नाव घेतलं आणि त्याच रात्री माझी सदफ बरी झाली. ते नाव आमच्या घरात आता कुणी विसरणार नाही.' त्याखाली दोनशे बायकांनी इनासला शिव्या घातल्या होत्या. इनासने त्या सगळ्या वाचल्या, एकही गाळली नाही.

मग तिने लिहायला घेतलं. कानात पाणी जाऊ देऊ नकोस, महिन्याने पडदा पुन्हा तपासून घे, नाहीतर पोरीला कमी ऐकू येईल. लिहून झाल्यावर वाचलं. हे औषधवालीसारखं वाटत होतं, कुणीही ओळखलं असतं, आणि हेही दार बंद झालं असतं. तिने पुसून टाकलं.

त्या जागी तिने लिहिलं, 'माशाल्लाह.'

या वेळी बोटं लगेच वळली. दोन मिनिटांत नेर्मिनचा बदाम आला.